उणे ऐंशी

फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी अंशांवर,
तिसऱ्या फळीवर डावीकडून नववी डबी:
गोबनेट हर्लिही, वय अठ्ठ्याऐंशी, पहिला नमुना.

ती हातात देताना म्हणाली होती,
"साठ वर्षं गोठा काढला मी, पोरी,
शेणाची लाज मला नाही.
पण हे असं रुमालात गुंडाळून नेणारं माणूस
पहिल्यांदाच बघतेय."
आणि पोट धरून हसली.

मी डर्व्हला. कॉर्कच्या विद्यापीठात
म्हाताऱ्यांच्या आतड्यांतली वस्ती मोजते.
खानेसुमारी म्हणा हवं तर:
कोण नांदतंय, कोण उठून गेलं,
कुणाच्या दाराला कुलूप.

पहिल्या नमुन्यात भरलेलं गाव होतं.
जवाचा कोंडा चघळणारे,
कोबीच्या दांड्यांवर जगणारे,
तिनं आयरीजच्या खडकांवरून खरवडून आणलेल्या
जांभळ्या शेवाळाशिवाय ज्यांचं पान हलत नाही असे,
आणि दोघेतिघे, ज्यांना अजून नावच नाही.
आम्ही त्यांना नुसते आकडे दिले.
ती म्हणाली, "बारसं तरी करा."

नोव्हेंबरात ती अंगणात घसरली.
खुब्याचं हाड.
मग बँट्रीचा वृद्धाश्रम,
खाडीकडे तोंड केलेली लख्ख खोली,
साडेपाचला जेवण:
मऊ बटाटा, मऊ गाजर, मऊ पुडिंग.
दातांना काम नाही, जिभेला बातमी नाही.
सगळे मायेनं वागतात. हे मी
अहवालातही लिहिलंय, कारण ते खरं आहे.

दुसरा नमुना सहा आठवड्यांनी.
तिसरा पाच महिन्यांनी.
पडद्यावर एका माणसाचा एक रंगीत पट्टा असतो.
तिचा गोधडीसारखा होता;
आता तीन-चार ठिगळं, तीही एकाच लुगड्याची.

चोथा मिळाला नाही की आतले
भिंतीचा गिलावा खायला लागतात.
गिलावा गेला की भिंत झिरपते,
अंगभर मंद आच धरते,
जिला म्हातारपण म्हणायची
आपल्याला सवय आहे.
असं मला वाटतं.
"वाटतं" शोधनिबंधात चालत नाही.
तिथं लिहायचं: संबंध आढळतो, कारण सिद्ध होत नाही.
आधी पट्टा विटला की आधी ती,
कुणास ठाऊक.

"काय दिसतं गं माझ्यात?"
नियम आहे, ज्याचा त्याला निकाल सांगायचा नाही.
मी पोटात ठेवलं.
तिनं माझा चेहरा नीट पाहिला,
गाभण गायीकडे पाहावं तसा,
आणि म्हणाली,
"गोठ्यात एकच गाय उरली की ती चारा टाकते.
चारा वाईट नसतो."

आमच्या प्रश्नावलीत एकशे सत्तेचाळीस पदार्थ आहेत.
सार्डिन आहे, बीट आहे, मनुका आहेत, मूठभर की चिमूटभर तेही आहे.
जेवताना समोर कोण बसलं होतं,
हा रकाना नाही.
मी समासात पेन्सिलनं आखला.
पाच महिने मागे जाऊन भरायला बसले
तर प्रत्येक दिवशी तेच उत्तर:
टीव्ही.

पुढच्या खेपेला आधी आयरीजला गेले.
तिचा वाफा माजला होता.
शेजारच्या फिआक्रानं कोबी उपटून दिला,
मुळांसकट, गोगलगायीसकट.
आश्रमाच्या स्वयंपाकघरात मी तो तीनदा धुतला,
चिरला, मीठ लावलं,
आणि दोन ताटल्या घेऊन तिच्यासमोर बसले.
साडेपाच वाजले होते. टीव्ही बंद.
ओल्या पानांकडे पाहून ती म्हणाली,
"फार धुतलास."
मग हळूहळू, एका बाजूच्या दाढांनी, चावत राहिली.
मीही.
पाऊण तास गेला. तिनं मला
मेलेल्या सगळ्या गायींची नावं सांगितली.

चौथ्या डबीवर लाल खूण आहे:
विश्लेषणातून वगळावा. संशोधकाचा हस्तक्षेप.
अक्षर माझंच.
फेकायला हवी होती.
नववीला खेटून ठेवलीय, उणे ऐंशीवर,
अजून वितळवून पाहिलेली नाही.